आमच्या खात्यातली

बाबा, फॉर्म मी लपवलाय. तुझ्याच पत्र्याच्या ट्रंकेत, तुझ्या राखाडी स्वेटरच्या घडीत. कालपासून माझी लेक घर पालथं घालतेय. सोफ्याच्या गाद्या उचलून झाल्या, रद्दी चाळून झाली, कचऱ्याची पिशवीसुद्धा उकलून पाहिली तिनं, आणि मी आपली तिच्या मागे मागे, "अगं, फ्रीजवर बघितलंस का? देव्हाऱ्याच्या खाली बघितलंस का?" साठी उलटलेली बाई मी, शोभतं का हे मला? पण काय करू, भ्यालेय मी. शेवटी आज दुपारी तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. म्हणाली, "माझंच डोकं ठिकाणावर नाही, आई. जाऊ दे, दुसरा प्रिंट मारते." आणि गेली दादरला. बूट घ्यायचेत तिला, ओल्या खडकावर न घसरणारे. येताना खालच्या झेरॉक्सवाल्याकडून फॉर्म काढून आणणार, आणि पाचपर्यंत घरी. आता सव्वातीन झालेत. तुझ्या वेळी बरं होतं रे, एक कागद लपवला की माणूस जागच्या जागी थांबायचं. आता लपवून काही होत नाही. सही तेवढी माझ्या हातात उरलीय.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना पत्रं कशाला लागतात! चाळीतली बाकीची पोरं बापाला तुम्ही म्हणायची, आपल्या मालवणी घरात सगळ्यांना तूच. तू जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी जिभेवर तेच येतं. तू गेलास तेव्हा ही लेक दोन वर्षांची होती. तू तिला मांडीवर घ्यायचास आणि गिरणीतून आणलेली सुताची रिकामी नळी तिच्या मुठीत द्यायचास, ती नळी ती दिवसभर चघळायची. आता ती कोळ्यांचा अभ्यास करते. मासे मारणारे कोळी नव्हेत, आठ पायांचे, जाळं विणणारे. तू ज्यांना कातीण म्हणायचास ते. कातते ती कातीण. तिकडे लांब पॅसिफिक महासागरात पाण्याच्या पोटातून आग वर आली, राख आणि दगड साचून एक बेट झालं. माझ्या लेकीपेक्षा वयानं लहान बेट, बाबा. त्यावर माणूस नाही, झाड नाही, प्यायचं पाणी नाही. ही आणि आणखी पाच जण तिथे पाच आठवडे तंबूत राहणार आहेत. बोट त्यांना सोडून निघून जाणार आणि पाच आठवड्यांनी न्यायला येणार. कशासाठी, तर त्या उघड्या दगडावर पहिला कोळी कोण पोचला, कुठून पोचला, आणि तिथे राहून तो कसा बदलतो, ते बघायला.

फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. सही नसेल तर लेकीची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते, आणि फॉर्म आज संध्याकाळी पाठवायचा आहे. इंग्रजीत आहे, पण मला कळतं. हवामान बिघडलं, कुणी आजारी पडलं, तर मदत पोचायला कित्येक दिवस लागू शकतात, याची मला कल्पना आहे, असं मी लिहून द्यायचं. कल्पना! मला कल्पनांचाच तर आजार आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असेल. रोज सकाळी चहा ठेवते आणि पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं की मला ते बेट दिसतं. मी तिला विचारलं, "असं बेट परत खाली जात नाही ना गं?" ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "काही जातात, आई. लाटा खातात, नाहीतर परत स्फोट होतो. पण हे नाही जायचं. बहुतेक." तो 'बहुतेक' माझ्या छातीत अडकून बसलाय. घास गिळताना लागतो.

तू मला भित्री भागूबाई म्हणायचास. खरंच होते मी. जिन्याखालच्या अंधाराला भ्यायचे, शेजारच्यांच्या कोंबड्याला भ्यायचे, आणि सगळ्यांत जास्त कातणीला. तो दिवस तुला आठवतो का रे? मी नऊ वर्षांची आहे. गणपती आठ दिवसांवर आलेत, आईनं साफसफाई काढलीय. तू गिरणीच्या सूतकताई खात्यातून रातपाळी करून आलायस आणि गॅलरीत चटईवर आडवा झालायस. मी स्टुलावर चढून देवांच्या तसबिरी पुसतेय. एका तसबिरीमागे हात घालते तर मऊ, पांढरी गोळी हाताला लागते. गिरणीतला कापूस आपल्या घरात कुठेही सापडायचा, तुझ्या भुवयांवर, उशीवर, कधी भाकरीच्या डब्यात. मला वाटतं, तोच. मी गोळी चिमटीत धरते आणि बोटांनी पिंजते, तुझ्या शर्टावरचा कापूस पिंजायचे तशी. गोळी फुटते. आतून मोहरी सांडावी तशी पिल्लं सांडतात, आणि या मोहरीला पाय आहेत. मनगटावर, कोपरापर्यंत, फ्रॉकच्या बाहीत. मी अशी किंचाळते की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येतात. तसबिरीमागून त्यांची आई बाहेर आलीय, रुपयाएवढी, भिंतीवर तशीच चिकटून बसलीय. मी स्टुलावरून उडी मारून केरसुणी उचलते.

तू झोपेतून उठून आलास आणि माझं मनगट पकडलंस. "मारू नको गो," म्हणालास. "आमच्या खात्यातली ती."

जिन्यातली माणसं पोट धरून हसली. कुणी विचारलं, "काय ओ, हिका कुठल्या पाळीक लावलास?" त्यानंतर आपल्या घरात कातणीला कातीण कुणी म्हटलंच नाही, खात्यातलीच म्हणत आलो. माझी लेकसुद्धा, एवढी शिकलेली, परवा बाथरूममधून ओरडली, "आई, खात्यातली आलीय गं, बादली हळू ठेव." पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. तू मला तशीच, पिल्लांसकट, गच्चीवर नेलंस. कपडे वाळत घालायचे बांबू होते तिथे उभी केलीस आणि म्हणालास, "बोट वर धर." मी उजव्या हाताचं बोट आभाळाकडे धरलं. आणि ती सगळी मोहरी, बाबा, हातावरून वर चढायला लागली. मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनाही नव्हतं. वर, वर, नखाच्या टोकापर्यंत. "आता बघ, ढुंगाण वर करतली आणि सूत सोडतली," तू म्हणालास. एकेक पिल्लू नखावर यायचं, पायांच्या टोकांवर उभं राहायचं, मागची बाजू वर करायचं, आणि सूत दिसायच्या आधीच नाहीसं व्हायचं. हात भरून आला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट मी खाली घेतलं नाही, कारण तू खालून माझं कोपर धरलं होतंस. "खंय जातत रे?" मी विचारलं. "वारो व्हरतलो थंय जातली." "आणि समुद्रात पडली तर?" तू विडी काढलीस, पण पेटवली नाहीस, पिल्लं जाईपर्यंत तशीच हातात धरून बसलास.

आता माझी लेक मला तेच समजावते, मोठमोठ्या शब्दांत. म्हणते, वारा नसला तरी हवेत वीज असते, ती सुताला वर ओढते. मैलोन्‌मैल समुद्रावरून जातात म्हणे, जहाजांच्या दोरांवर सापडलेत. मागे एका ज्वालामुखीनं अख्खं बेट भाजून काढलं, गवताचं पातं उरलं नाही. पुढे माणसं तिथे गेली तर त्यांना पहिला जिवंत प्राणी दिसला तो एक बारका कोळी, राखेत जाळं विणत बसलेला. खायला काही नाही, अडकायला माशी नाही, आणि हा आपला जाळं विणतोय. मला हे ऐकून रडूच आलं. लेक म्हणाली, "अगं, रडतेस काय, भारी आहे ना!" मी म्हटलं, "जे पोचले त्यांचं सांगतेस. न पोचलेल्यांचं?" ती म्हणाली, "बहुतेक सगळे पाण्यात पडतात, आई. ते तर आहेच." परत तिचा तो बहुतेक.

आपली चाळ पाडून टॉवर झाला, तुला माहीत नाही. त्याच जागी. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. राहायला आलो तेव्हा भिंतींना रंगाचा वास होता, खिडक्यांना प्लास्टिक होतं, खाली सिमेंटची धूळ. आजूबाजूला एक झाड नाही, वर साधी माशी येत नाही. मला वाटलं, चला, इथे तरी जळमटं काढायला नकोत. महिना झाला नसेल आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात जाळं! माझे हे तेव्हा होते, स्टूल घेऊन आले साफ करायला, तर ही पोर त्यांना आडवी पडली. "बाबा, नाही! बघा ना कशी आली असेल. हे पण बेटच आहे, काँक्रीटचं." ह्यांनी स्टूल परत नेलं. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली, तो कोपरा मी अजून झाडत नाही.

बेटावर पोचल्यावर त्यांचं काय होतं, तेही तिनं सांगितलं. नव्या जागी जुनी शिस्त चालत नाही. काही जाळं विणणं सोडूनच देतात, पायी फिरून शिकार करतात. पानावर राहणारे हिरवे होतात, सालीवर राहणारे तपकिरी. शेजारच्या दुसऱ्या बेटावर हेच सगळं स्वतंत्रपणे, पहिल्यापासून घडतं, आणि तरी शेवटी तसेच हिरवे, तसेच तपकिरी निघतात. मी हे सगळं कौतुकानं ऐकत होते, डाळ निवडत. मग ती म्हणाली, "आणि एक गंमत सांगू? वाऱ्यावरून आलेल्यांची जी पोरं-नातवंडं असतात ना, ती उडणं सोडतात. कारण तिथून जी उडतात ती सगळी पाण्यात जातात. जी चिकटून बसतात तीच जगतात, त्यांचीच पिल्लं होतात. असं होत होत सगळं बेट न उडणाऱ्यांचं." माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाबा, मला आधी तू दिसलास, आणि मग मी.

चौपाटीवर तू कसा बसायचास, आठवतं? वर्षातून एकदा गिरगावात आत्याकडे जायचो, तिथून चौपाटीवर. सगळं जग समुद्राकडे तोंड करून बसलेलं, आणि तू एकटा पाठ करून, रस्त्याकडे बघत कणीस खायचास. मला लाज वाटायची. एकदा मी विचारलंच. तू कणसाचे दाणे सोलून माझ्या हातावर ठेवत सांगितलंस. बारा वर्षांचा होतास, बापानं मामाबरोबर मुंबईला पाठवला. मोठी बोट किनाऱ्याला लागत नव्हती, होडीतून पुढे जायचं आणि खवळलेल्या पाण्यात होडीतून बोटीच्या शिडीवर उडी मारायची. मामा आधी चढला. तू होडीच्या काठावर उभा, शिडी वर जाते, खाली येते, मध्ये काळं पाणी. कुणीतरी मागून ढकललं. चड्डी ओली झाली म्हणालास, आणि ती समुद्राच्या पाण्यानं नव्हे. मी खिदळले. तू हसला नाहीस. "तेव्हा जो भियालंय, तो अजून भियालेलोच आसंय," म्हणालास. त्यानंतर तू गावी कधी बोटीनं गेला नाहीस, एसटीनं गेलास, आणि पुढे पुढे तेही सोडलंस. गिरणी, चाळ, भोईवाड्यातलं भजनी मंडळ. एवढ्यात तुझं सगळं झालं.

आता मूळ गोष्टीवर येते.

संप होऊन तीनेक वर्षं झाली होती, आपली गिरणी परत उघडलीच नाही. तू दिवसभर गॅलरीत बसून असायचास. मी बी.एस्सी. झाले होते, प्राणिशास्त्रात, चाळीतली पहिली मुलगी. आमचे सर म्हणाले, अंदमानच्या बेटांवर किडे-कोळी गोळा करायला एक तुकडी निघतेय, मदतनीस हवेत, अर्ज कर. मी केला. कलकत्त्यापर्यंत रेल्वेनं, पुढे बोटीनं. तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "बोटीन?" मी हो म्हटलं. तू उठून आत जाऊन पाणी प्यालास. त्यानंतर आपल्यात त्यावर एक अक्षर झालं नाही. दोन महिने गेले. पत्र आलं नाही, असं मी सरांना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, आईला सांगितलं. मग त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि चौतीस वर्षं बरण्यांमधलं स्पिरिट बदलत राहिले. बेडूक, गोम, विंचू, आणि एका बरणीत खात्यातली. लेकीला शाळा सुटली की तिथेच आणून बसवायचे. तिथेच तिला ही खोड लागली, म्हणजे दोष द्यायचा तर मलाच.

तू गेलास ती दुपारची वेळ. परळच्या हॉस्पिटलात, खिडकीजवळची खाट. श्वास लागला होता तुला, छातीत वर्षानुवर्षं गेलेला तो कापूस. माझं मनगट धरलंस, त्या दिवशी केरसुणीसकट धरलं होतंस तसंच, पण आता जोर नव्हता. "माका भय वाटता गो," म्हणालास. तू असं कधी बोलला नव्हतास. मी म्हटलं, "काही होत नाही, बाबा." तू परत तोंड उघडलंस, काहीतरी सांगायचं होतं तुला, मला दिसत होतं. मी घाईघाईनं चमच्यानं पाणी घातलं आणि म्हटलं, "बोलू नको, दम लागतो." तू मिटलंस तोंड.

बाराव्यानंतर ट्रंक आवरताना ते पाकीट हाती लागलं. लांबट, खाकी, माझ्या नावाचं, कलकत्त्याचा शिक्का. भोवती सूत गुंडाळलेलं, चार फेरे, आणि वर ती तुझी गाठ, तुटलेलं सूत चिमटीत सांधताना मारायचास ती, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. मला शिकवली होतीस, म्हणून ओळखली. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुणाकडून वाचूनही घेतलं नव्हतंस. पाकीट फोडलेलंच नव्हतं. आजही नाही. मीही नाही फोडलं. आत होकार असेल तर मी काय करू, आणि नकार असेल तर इतकी वर्षं जो बोल मी तुला लावत आले त्याचं काय करू? ते ट्रंकेत तसंच आहे. काल फॉर्म ठेवताना बोटाला लागलं.

परवा आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "दुसरं कुणी जाऊ दे ना. इथे काय कमी कोळी आहेत? भायखळ्याच्या बागेत जा, शिवाजी पार्कात जा, झाडाझाडावर आहेत." ती म्हणाली, "आई, ते तिथे कधीपासून आहेत. मला पहिला बघायचाय." मी म्हटलं, "आणि तुला काही झालं तर मी एकटी काय करू?" ती जवळ येऊन बसली. "मी पण घाबरलेय गं. तुला वाटतं मला भीती वाटत नाही? म्हणून तर तुझी सही पाहिजे. कागदासाठी नाही फक्त." एवढं ऐकल्यावर शहाण्या बाईनं सही केली असती. मी काय केलं? मी तुला पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला पाकिटाची गोष्ट सांगितली. म्हटलं, "माझ्या बापानं माझं पत्र दाबून ठेवलं, नाहीतर मी पण गेले असते. मला नको शिकवूस जाण्याचं." तिचे डोळे भरले. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बिच्चारी गं तू. मग तू तरी माझ्याशी तसं करू नकोस." आणि काल मी तेच केलं. त्याच ट्रंकेत. जळलं मेलं माझं लक्षण.

चार वाजून गेले, बाबा. लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघते. मघाशी उठले, ट्रंक उघडली, फॉर्म काढला. स्वेटरला अजून तुझ्या विडीचा वास आहे, का मला तसं वाटतं कोण जाणे. फॉर्म टेबलावर ठेवला, चष्मा लावला, पेन उघडलं. हात असा कापायला लागला की पेन ठेवून दिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी तर अख्खा पॅसिफिक लागलाय. तंबू उडालेला दिसतो, ती पोर खडकावर एकटी दिसते, फोन लागत नाही, बोट येत नाही. मग मी तुझ्यासारखं केलं. उठून पाणी प्याले. बाल्कनीत जाऊन कोपऱ्यातल्या खात्यातलीकडे बघत उभी राहिले. ती दोन आठवड्यांपासून एक पांढरी गोळी राखत बसलीय. फुटेल आता चार दिवसांत. पिल्लं कठड्यावर चढतील आणि एकोणिसाव्या मजल्यावरून जातील, कुणाची सही न घेता.

मग आत आले. डाव्या हातानं उजवं कोपर खालून घट्ट धरलं, आणि सही केली. अक्षर बघवत नाही, बालवाडीतल्या पोरीचं वाटतं, पण केली. भीती कमी झालीय असं समजू नकोस. उलट वाढलीय, आता खरोखरच जाणार ती. फॉर्म टेबलावर उघडा ठेवलाय, वर तिच्या चहाचा कप, वाऱ्यानं उडू नये म्हणून. कुठे सापडला विचारलं तर सांगेन, मी लपवला होता. या वेळी तुला पुढे करणार नाही.

हा कागद कुठे टाकायचा, तुला पत्ता कुठला! ट्रंकेत पाकिटाखाली जाईल. आणि जायच्या आधी एक सांगायचं राहिलंय, लेकीला अर्धंच सांगितलं ते. पोस्टमन ज्या दिवशी आला त्या दिवशी मी जिन्याच्या वळणावर होते, पाण्याची कळशी घेऊन. तू पाकीट हातात घेतलंस ते मी पाहिलं. त्याच्यावरचा शिक्का इतक्या लांबूनसुद्धा ओळखला. तू ते उलटंसुलटं करून बघितलंस आणि मांडीवर ठेवून बसून राहिलास, किती तरी वेळ, दाराकडे बघत. मी येऊन मागेन म्हणून. मी तिथेच जिन्यात थांबले, तू उठून आत जाईपर्यंत. कळशी खाली ठेवायचंही सुचलं नाही. मी मागितलं असतं तर तू दिलं असतंस, बाबा, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. म्हणूनच मागितलं नाही.